रानाचे नाव, वस्तीचे नाव
(तिसरी व चौथीच्या परिसर-अभ्यासासाठी शिक्षकांस उपयुक्त पाठ)

औंढा नागनाथच्या परिसरातील एखाद्या शाळेत 'दारुकावन' हा शब्द फळ्यावर लिहिला, की मागच्या रांगेत खसखस पिकते. मुलांना दारू ठाऊक असते. दारु ठाऊक नसते. पुष्कळदा शिक्षक 'गप्प बसा' म्हणतात आणि पाठ पुढे सरकतो. वस्तुतः त्या हशापाशीच थांबावे. संस्कृतातील 'दारु' म्हणजे लाकूड, झाड. देवाचे झाड तो देवदारु. ज्या झुडपाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते ती दारुहळद. आणि वसमतच्या बाजारात हळदीच्या राशी पाहिलेल्या मुलास हा शब्द समजावयास वेळ लागत नाही. दुसरा 'दारू' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ औषध. आजारी माणसाची 'दवादारू' केली असे घरोघरी म्हणतात, त्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. पुढे तोच शब्द बंदुकीच्या भुकटीस लागला व 'दारूगोळा' झाला, आणि शेवटी मद्यास लागला. दोन शब्द दोन दिशांनी आले आणि मराठीत शेजारी शेजारी येऊन बसले. लिहिताना एकाचा 'रु' ऱ्हस्व, एकाचा 'रू' दीर्घ, एवढीच त्यांच्यामधील भिंत. इतके सांगितले की हसणारी मुले स्वतःच शब्द तपासू लागतात. नावांचा अभ्यास शिकवावयाचा तो येथूनच सुरू होतो.

दारुकावन हे एका अरण्याचे नाव. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश हे दारुकावनातील होय, असे परंपरा सांगते, आणि औंढ्याच्या पंचक्रोशीत हे दारुकावन आपलेच, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ह्या वनाची कथा आहे. दारुका नावाच्या राक्षसीला पार्वतीचा वर होता. तिच्या वनाचा विस्तार सोळा योजने होता, ते पश्चिम समुद्राच्या काठी होते आणि ती जेथे जाईल तेथे ते वन झाडाझुडपांसह, भूमीसह तिच्यामागून जाई. ऋषीच्या शापामुळे राक्षसांना भूमीवर राहणे कठीण झाले, तेव्हा दारुकेने ते वन उचलून समुद्रात नेले. पुढे नावेतून जाणारे प्रवासी बंदीत पडले. त्यांच्यांत सुप्रिय नावाचा शिवभक्त वैश्य होता. त्याच्या रक्षणासाठी शिव प्रकट झाले आणि नागेश म्हणून तेथे राहिले, अशी ही कथा आहे.

आता शिक्षकापुढे खरी अडचण उभी राहते. हेच दारुकावन आपले, असे गुजरातेत द्वारकेजवळही सांगतात व तेथेही नागेश्वराचे मंदिर आहे. हिमालयात अल्मोडा जिल्ह्यातील जागेश्वर येथेही तसेच सांगतात. द्वारकेच्या बाजूने समुद्राची साक्ष आहे. जागेश्वराच्या बाजूने झाडांची साक्ष आहे, कारण तेथे आजही देवदाराचे दाट वन उभे आहे. औंढ्याच्या बाजूने समुद्रही नाही आणि देवदारही नाही. तेथे आहे ती अखंड चालत आलेली उपासना, संत नामदेव व विसोबा खेचर ह्यांच्या भेटीची कथा, आणि मंदिराचा तो कोरीव दगडी तळ, जो यादवकालीन शिल्पाची आपली साक्ष आपण देतो. तीन ठिकाणांनी एकाच वनावर हक्क सांगावा ह्याचे मुलांना नवल वाटेल. परंतु ते वन चालणारे होते, हे कथेनेच आधी सांगून ठेवले आहे. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेने सांगावी. मात्र 'द्वारकावाल्यांचे म्हणणे खोटे' असे वाक्य वर्गात उच्चारू नये. त्याला आधार नाही, आणि मुलाच्या वहीत उतरलेले वाक्य ते मूल मोठे होऊन वाद घालू लागेपर्यंत पुसले जात नाही.

खेड्यात हीच गोष्ट फार जपण्याची आहे. शहरातील मुलाला दहा ठिकाणी दहा अर्थ ऐकू येतात. खेड्यात गुरुजींनी एकदा सांगितले की गावाचे नाव अमुक राजावरून पडले, तर पंचवीस वर्षांनी तेच वाक्य ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगविलेले आढळते, आणि मग त्यास 'पूर्वापार माहिती' असे म्हणतात. खरी माहिती सांगणारी म्हातारी माणसे तोवर गेलेली असतात.

दारुकावनाहून अधिक पक्क्या भूमीवर नेणारे औंढ्याचे दुसरे एक जुने नाव आहे. ते आमर्दक. ह्या क्षेत्रास आमर्दक क्षेत्र म्हणण्याची परंपरा आहे. मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात रणोद येथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्यात शैव आचार्यांची परंपरा दिली असून तीत 'आमर्दकतीर्थनाथ' असा एका आचार्यांचा निर्देश येतो. शैव सिद्धान्ताच्या मठांपैकी एक मोठे पीठ आमर्दक येथे होते, आणि हे आमर्दक म्हणजेच आजचे औंढा, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. नर्मदेपलीकडे दूरवर कोरलेल्या दगडात आपल्या तालुक्याच्या गावाचे नाव असावे, ही शक्यताच चौथीच्या मुलाला नकाशा उघडावयास लावील.

परंतु 'आमर्दक' चे 'औंढा' कसे व्हावे? येथे शिक्षकांनी एक आवळा वर्गात न्यावा. संस्कृत आमलक, त्याचा मराठीत आवळा झाला. मधल्या 'म' चा 'व' झाला, 'ल' चा 'ळ' झाला आणि शेवटचा 'क' गळून 'आ' राहिला. ग्राम ह्याचे गाव, नाम ह्याचे नाव, घोटक ह्याचा घोडा, ही त्याच वाटेची उदाहरणे. आमर्दक हा शब्द ह्याच वाटेने चालवून पाहिला, तर 'म' चा 'व' होतो, शेवटचा 'क' गळतो आणि 'आंवढा' किंवा 'अवंढा' असे रूप हाती येते. ते भरभर उच्चारले की औंढा होते. जुन्या पिढीच्या तोंडी 'अवंढ्या' असा उच्चार आढळल्यास तो अडाणीपणाचा म्हणून सुधारू नये, टिपून ठेवावा. एक पायरी मात्र किंचित डळमळते. 'र्द' चा 'ड' होणे सरळ आहे. त्याचा 'ढ' का झाला हे वेगळे सांगावे लागते. गर्दभ ह्याचे गाढव झाले खरे, पण तेथे पुढच्या 'भ' मधील हकार मागे सरकला आहे, आणि आमर्दकात तसा हकार नाही. म्हणून ही व्युत्पत्ती फार संभाव्य आहे असे म्हणावे, सिद्ध आहे असे म्हणू नये. नावांच्या अभ्यासात पुष्कळ वेळा 'संभाव्य' ह्या शब्दापाशीच थांबावे लागते, आणि तेथे थांबता येणे हेही शिक्षणच आहे.

वन, रान, जंगल हे शब्द मुले एकाच अर्थाने वापरतात. त्यांची जातकुळी निरनिराळी आहे. अरण्य ह्याचे रान झाले. वन ह्याचे बन झाले, म्हणून केळीचे बन, केतकीचे बन. आम्रराजी म्हणजे आंब्यांची ओळ, तिची आमराई झाली. देवराईतील 'राई' तीच. जंगल हा शब्द सर्वांत मजेदार आहे. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडी, विरळ झाडांची, उघडी भूमी. वैद्यकाच्या ग्रंथांत पाणथळ 'आनूप' देशाच्या उलट तो 'जांगल' देश. आज जंगल म्हटले की घनदाट झाडी डोळ्यांपुढे येते. पण औंढा, कळमनुरी, सेनगाव ह्या भागांतील डोंगरउतारांवरची पळस, धावडा, साग, सीताफळ ह्यांची पानझडी रानेच जुन्या अर्थाने खरी जांगल होत. उन्हाळ्यात त्यांतून आरपार पलीकडचा माळ दिसतो. मुलांनी पुस्तकातील चित्र पाहून 'आमच्याकडे जंगलच नाही' असे म्हटले, तर त्यांना हा अर्थ अवश्य सांगावा.

झाडे गेली तरी त्यांची नावे गावांना चिकटून राहिली आहेत. औंढा तालुक्यात पिंपळदरी आहे; वसमत तालुक्यात पांगरा शिंदे, बाभुळगाव, टेंभुर्णी आहेत; कळमनुरी तालुक्यात उमरा आहे. पांगाऱ्याची तांबडी फुले, टेंभुर्णीची विडीला लागणारी पाने, उंबराची फळे ही मुलांनी पाहिली असतील किंवा नसतीलही. पांगरा शिंदे हे गाव अलीकडे भूगर्भातील आवाजांमुळे वृत्तपत्रांत वारंवार येते. गावातील मुलांना ते आवाज ठाऊक आहेत. पांगारा ओळखू येतो काय, हे एकदा विचारून पाहावे. येहळेगाव ह्या नावाची दोन गावे जिल्ह्यात आहेत, एक येहळेगाव सोळंके व दुसरे येहळेगाव तुकाराम. बेहड्याच्या झाडास वऱ्हाडाकडे येहळा असेही म्हणतात. तेव्हा हिरडा, बेहडा, आवळा ह्यांतील बेहडाच ह्या नावात दडला असावा, असे मनात येते. गावच्या जुन्या माणसास 'येहळा कोठे होता' असे विचारल्यास उत्तर मिळेल, 'बेहडा कोठे होता' असे विचारल्यास कदाचित मिळणार नाही. प्रश्न त्या गावच्याच बोलीत विचारावयाचा, तो ह्यासाठी.

ह्या सर्व नावांत जांभरुण हे नाव शिकविण्यास फार चांगले. हिंगोली तालुक्यात जांभरुण आंध, जांभरुण रोडगे आणि जांभरुण तांडा अशी नावे आहेत. पहिल्या अर्ध्यात जांभूळ स्पष्ट दिसते. दुसऱ्या अर्ध्यात अरण्य असावे, म्हणजे मूळ 'जम्बू-अरण्य', जांभळींचे रान, असा तर्क करता येतो. तर्क तपासण्यास दोन वाटा आहेत. पहिली वाट नकाशाची. जांभरुण हे नाव दूर कोकणात रत्नागिरीजवळही आहे. दोन ठिकाणी, परस्परांचा संबंध नसताना, एकच नाव पडले असेल तर ते एखाद्या पुरुषावरून पडण्यापेक्षा भूमीच्या सारख्या गुणावरून पडले असणे अधिक संभवते. दुसरी वाट पायांची. जांभूळ ओलाव्याशी राहते. ओढ्याकाठी, नदीच्या थडीला ते जोमाने वाढते. तेव्हा मुलांना घेऊन शिवारातला ओढा चालून पाहावा. तेथे जुन्या जांभळी, निदान त्यांचे बुंधे किंवा त्यांच्या आठवणी सापडल्या, तर नावाने दिलेली साक्ष भूमीने मान्य केली असे समजावे. नाही सापडल्या, तर तसे लिहावे. ओढा आटला असेल, तर तो केव्हा आटला हेही विचारावे. म्हणजे नावाच्या निमित्ताने गावच्या पाण्याचाही इतिहास हाती येईल.

आणि मग त्या नावाच्या मागे लागलेले शब्द पाहावे. रान एकच, वस्त्या निराळ्या. 'आंध' हे ह्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी समाजाचे नाव. 'रोडगे' हे आडनाव. 'तांडा' हा बंजारा समाजाचा शब्द. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर हिंडणारा काफिला म्हणजे तांडा. बैलांची वाहतूक संपली, काफिले जागोजागी थांबले आणि चालणाऱ्या समूहाचे नाव स्थिर वस्तीचे नाव झाले. ज्या जिल्ह्यात वनही चालते झाल्याची कथा सांगतात, तेथे चालता तांडा बसला ही गोष्ट मात्र इतिहासाची आहे. एकाच जांभळीच्या रानाभोवती तीन प्रकारची माणसे राहिली व तिघांनी तेच नाव ठेवले, हे मुलांना आवर्जून दाखवावे. तांड्यावरील मुलास आपल्या घरी ह्या ठिकाणास गोरबोलीत काय म्हणतात, हे सर्वांपुढे सांगण्याची संधी द्यावी. वर्गात एरवी न बोलणारे मूल त्या दिवशी बोलते.

हिंगोली ह्या नावाविषयी विंगुली, विंगमुळी, लिंगोली अशी जुनी रूपे सांगण्यात येतात. 'लिंगोली' हे रूप ऐकताच देवस्थानाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. दुसरा तर्क झाडाचा करता येईल. हिंगण नावाचे काटेरी झाड कोरड्या काळ्या मातीत वाढते. हिंगणघाट, हिंगणा ही नावे त्याच्याशी जोडतात. संस्कृतात ह्यासच इंगुदी म्हणतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त आश्रमातील मंडळी ह्याच फळांचे तेल काढण्यासाठी ती दगडांवर फोडतात. 'पल्ली' म्हणजे लहान वस्ती, तिचे 'वली', 'ओली' होते. तेव्हा हिंगणाची पल्ली ती हिंगोली, असे म्हणावयास जीभ सरसावते. परंतु मग मधला 'ण' गेला कोठे? हिंगणघाटात तो टिकला, हिंगोलीत का टिकला नाही, ह्याचे उत्तर दिल्यावाचून हा तर्क पुढे जात नाही. सुबक जुळणारा अर्थ हाच पुष्कळदा फसवा असतो. वसमतचे 'वसुमती' हे मूळही असेच सुबक आहे. सांगावे, पण 'असे म्हणतात' ह्या दोन शब्दांसह सांगावे.

ह्याउलट हिंगोली शहरातील काही मोहल्ल्यांच्या नावांना तर्काची गरजच नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या राज्यात, वऱ्हाडच्या सीमेलगत असल्यामुळे, हिंगोलीस कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. घोडे गेले, तोफा गेल्या, नावे राहिली. पायदळाची ती पलटण, युरोपीय फौजी शब्दावरून. घोडदळाचा तो रिसाला, अरबीतून फारसीमार्गे आलेला. तोफखान्यात 'तोफ' तुर्की आणि 'खाना' फारसी. पेन्शनपुरा हे नाव तर पाहत राहावे असे आहे. पेन्शन इंग्रजी, पूर संस्कृत. नोकरी संपलेल्या शिपायांची वस्ती इतके सगळे चार अक्षरांच्या आसपास सांगून टाकलेले. ह्या पाच नावांत एकही झाड नाही. राजसत्तेने वसविलेल्या वस्तीचे नाव आणि रानात आपोआप वाढलेल्या वस्तीचे नाव ह्यांतील भेद मुलांना ह्याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही. फौजेच्या नावांना साल देता येते. जांभरुणाला देता येत नाही.

गावांच्या नावामागील खुर्द व बुद्रुक हे शब्दही फारसी. खुर्द म्हणजे लहान, बुजुर्ग म्हणजे मोठा. आज पुष्कळ ठिकाणी खुर्द हे बुद्रुकापेक्षा वाढलेले दिसते, त्यावरून मुले चुकीचा निष्कर्ष काढतात. नाव पडले तेव्हाचा तो मान आहे, आजचा नव्हे. महसुली दप्तरात एखाद्या गावापुढे 'बेचिराख' असा शेरा असतो. त्याचा अर्थ जळालेले गाव असा मुले करतात. मूळ शब्द 'बेचिराग', म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. लोक उठून गेले, गावठाणाची पांढरी तशीच पडली, आणि दप्तराने एका शब्दात नोंद केली. अशा ओस गावाचे नाव शेजारच्या शिवारात एखाद्या शेताला चिकटून राहिलेले असते. ते गुराख्याला ठाऊक असते.

दप्तर पाहावयाचे तर तलाठ्याकडे गावनकाशा असतो. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक हेही जुन्या नोंदींचे महत्त्वाचे साधन आहे. हा सर्व मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. ह्यामुळे निजामकालीन कागद उर्दूत आहेत, आणि ते वाचून घेताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. उर्दू लिपीत 'ळ' नाही व 'ण' नाही. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. म्हणजे 'वसमत' आणि 'वसुमत' ही दोन्ही रूपे त्या लिपीत एकाच अक्षरांनी लिहिली जातील. तो कागद त्या वादात कोणाचीच बाजू घेणार नाही. तीच गत रोमन लिपीची. औंढा तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. परदेशी शास्त्रज्ञ ते नाव रोमनमध्ये वाचून 'दुधाला' म्हणतील. त्यांना 'ळ' म्हणून दाखविण्यास दुधाळ्याचे मूलच हवे. कागद जुना म्हणून तो उच्चाराबाबतही खरा, असे समजू नये; उच्चाराचे दप्तर गावच्या माणसांच्या तोंडी असते.

नावे गोळा करण्याचे काम मुलांना देण्यापूर्वी एका नाजूक गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. 'आपापल्या वस्तीचे नाव सांगा' असे म्हटल्यावर काही मुलांना ते मोठ्याने सांगवत नाही. खेडोपाडी वस्त्यांना जातींवरून नावे पडली होती व ती नावे हाक मारल्यासारखी नव्हे, बोट दाखविल्यासारखी वापरली जात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशा धर्तीची नावे द्यावी असे ठरविले. काही शिक्षकांना असे वाटेल की, जुने नाव हा इतिहास आहे, तोही वहीत यावा. हे म्हणणे वर्गाच्या खोलीत लागू पडत नाही. पिंपळदरीतून पिंपळ नाहीसा झाल्याने नावाचे नुकसान होईल. त्या जुन्या वस्तीनावाच्या लोपाने कोणाचेच नुकसान नाही, आणि ज्यास इतिहास लिहावयाचा आहे त्याला ते दप्तरात सापडेल. मुलाने नवे नाव सांगावे, तेच फळ्यावर लिहावे व तेच भिंतीवरील नकाशात यावे. नाव का बदलले असे एखाद्याने विचारलेच, तर चौथीच्या मुलांना कळेल अशा साध्या शब्दांत, कोणा एका मुलाकडे न पाहता, ते सांगावे. पेन्शनपुऱ्याचे नाव वसविणाऱ्यांनी ठेवले, जांभरुणाचे भूमीने ठेवले, आणि ह्या वस्तीचे तिच्यात न राहणाऱ्यांनी ठेवले होते. आता राहणाऱ्यांनी आपले नाव घेतले. एवढे पुरे.

प्रत्यक्ष कामास चार तासिका व एक सुटीचा दिवस लागतो. पहिल्या तासिकेत 'दारु-दारू' आणि आवळा. दुसऱ्या तासिकेत गावाचे नाव, व त्याविषयी घरी काय सांगतात ते. तेथे आजीला विचारून येण्यास सांगावे. बापास विचारले तर तो गुरुजींनाच विचार म्हणतो. सुटीच्या दिवशी शिवारफेरी. बरोबर एखादा जुना गुराखी किंवा कोतवाल असावा. शेतांची, बंधाऱ्यांची, दऱ्यांची, झऱ्यांची नावे तोच सांगू शकेल. वाघदरा म्हणतात तेथे वाघ कोणी पाहिला होता काय, नागझरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, आमराईत आंबे किती उरले, असे विचारीत जावे. येलदरी, सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या पाण्याखाली ज्यांची शिवारे गेली अशा गावांत ही फेरी पाण्याच्या काठावर थांबेल. तेथे म्हाताऱ्या माणसाने बोट दाखवून पाण्यातील जागांची नावे सांगावी व मुलांनी ती लिहावी. ती नावे आता दुसरे कोणी वापरीत नाही.

उरलेल्या दोन तासिका वहीसाठी. एक जाड वही घेऊन तीवर 'शिवारनावे' असे लिहावे. प्रत्येक पानावर एकच नाव. प्रथम नाव गावात उच्चारतात तसे, मग कागदावर असेल तसे. त्याखाली ते कोणी सांगितले, म्हणजे आजी, गुराखी, दप्तर किंवा शिक्षकांचा स्वतःचा तर्क. सांगणाऱ्याचे वय लिहावे. त्याखाली भूमीवर काय दिसले. अर्थ सापडला नाही तर जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागेची लाज वाटून ती भरू नये. झाडाचे नाव असल्यास ते झाड आज आहे किंवा नाही ते लिहावे, आणि असल्यास त्याचे एक पान वाळवून तेथेच चिकटवावे. वही शाळेच्या दप्तरी ठेवावी व बदली झाल्यास कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करून पुढील शिक्षकांच्या हाती द्यावी. पुढे एखाद्या नावाचा निराळा अर्थ कळला, तर आधीचा खोडू नये. त्याखाली नवा अर्थ लिहून तारीख घालावी.